एअरबॅग नियंत्रण परिपथ

एअरबॅग नियंत्रण परिपथ : मोटारीला बसलेली धडक ओळखून एअरबॅग फुलवायची की नाही, हे ठरवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. तिची मुख्य पेटी बहुधा गिअरच्या दांड्याखालच्या भागात, गाडीच्या सांगाड्याला बोल्टने घट्ट आवळलेली असते. समोरून जोराची धडक बसली, तर निर्णयासाठी साधारण 15 ते 30 मिलिसेकंदच हाताशी असतात. त्यामुळे पिशवी चटकन उघडणे हेच या परिपथाचे मोठे काम, असा समज होतो. रचना उलगडून पाहिली, तर बरीचशी जुळवाजुळव पिशवी भलत्या वेळी उघडू नये यासाठीच केलेली दिसते.

पिशवीत वायू भरणारी रसायने पेटवते ती सुमारे 2 ओहम रोधाची बारीक तार. तिला स्क्विब म्हणतात. तिच्यातून 1.2 अँपिअर प्रवाह 2 मिलिसेकंद गेला की काम झाले. एवढ्यासाठी एक बॅटरी आणि एक स्विच पुरला असता. पण स्क्विबच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे स्विच ठेवतात, आणि मुख्य त्वरणमापकाच्या संकेताला दुसऱ्या स्वतंत्र संवेदकाचा दुजोरा मिळाल्याखेरीज पेटवणीची वाट मोकळी होत नाही. खड्ड्याचा दणका तीव्र असला तरी लगेच ओसरतो. धडकेत मात्र गाडीचा वेग सलग उतरत जातो, म्हणून मायक्रोकंट्रोलर नुसते शिखर न पाहता वेगातली घटही जोखतो. पिवळ्या कनेक्टरमध्येही हीच सावधगिरी दिसते. तो काढताच आतली धातूची पट्टी स्क्विबची दोन्ही टोके एकमेकांना जोडते, म्हणजे मेकॅनिकच्या अंगावरच्या स्थिर विजेने पिशवी उघडत नाही.

पिशवी उघडली नाही तर माणूस मरतो, मग एवढे हात आखडते कशाला, हा आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण अवेळी फुललेली पिशवीही जीव घेते. अमेरिकेत 1990 ते 2008 या काळात कमी वेगाच्या अपघातांत समोरच्या पिशवीच्या माराने 290 हून अधिक जण दगावले. त्यांत बहुतेक मुले होती आणि गाड्या मुख्यतः 1998 पूर्वीच्या. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : इतक्या राखणीनंतरही परिपथ चुकतोच. 2015 साली अमेरिकेत 21 लाखांवर गाड्या परत बोलावल्या गेल्या, कारण विद्युत गोंगाटाने पिशव्या विनाकारण उघडू शकत होत्या. याच दोषासाठी आधी केलेली दुरुस्ती अपुरी ठरली होती. 2019 साली तेथेच सुमारे 1.23 कोटी गाड्यांची चौकशी नेमकी उलट्या संशयावरून विस्तारली : धडकेच्या वेळी पुढच्या संवेदकांच्या तारांतून आलेल्या विद्युत दाबाच्या झटक्याने नियंत्रक चिप निकामी होते आणि पिशवी बंदच राहते. निर्णयाचा उंबरठा खाली आणून यांतला एकही दोष गेला नसता. दोन्ही ठिकाणी उणीव होती ती नको असलेली वीज चिपपर्यंत पोहोचण्याआधी अडवण्यात.