‘गे’ : एका आनंदवाचक शब्दाचा इतिहास

एक चांगला, आनंदवाचक शब्द इंग्रजीने गमावला, अशी हळहळ ‘गे’ या शब्दाबाबत वारंवार व्यक्त होते. शब्दाचा इतिहास पाहिला तर ही हळहळ अर्धसत्यावर उभी असल्याचे दिसते.

जुन्या फ्रेंचमधून मध्ययुगात इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा अर्थ होता उल्हसित, तसेच भडक, रंगीबेरंगी. दक्षिण फ्रान्समध्ये तर काव्यकलेलाच ‘आनंदविद्या’ म्हणत. तिच्या जोपासनेसाठी १३२३ साली तुलूझ येथे कविमंडळ स्थापन झाले. नीत्शेने १८८२ च्या आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात हाच वारसा जागवला.

परंतु आनंदाला नीतीची कुंपणे लागतातच. सतराव्या शतकापासून ‘गे’ला स्वैर, विलासी अशी छटा आली. एकोणिसाव्या शतकात ‘गे’ स्त्री म्हणजे वेश्या, असाही अर्थ होता. आपल्याकडे ‘रंग’पासून ‘रंगेल’पर्यंतचा उतार याच जातीचा नव्हे काय? म्हणजे वर्डस्वर्थने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या डॅफोडिल्सच्या कवितेत हा शब्द निर्मळ आनंदासाठी योजला, तेव्हाही तो सर्वत्र निष्पाप नव्हता.

विसाव्या शतकात समलिंगी व्यक्तींनी तो आपसांतील खुणेचा शब्द म्हणून वापरला. गर्ट्रूड स्टाइनच्या १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिस फर अँड मिस स्कीन’ या कथेत त्याची सहेतुक पुनरुक्ती आढळते. १९६९ च्या स्टोनवॉल उठावानंतर तो चळवळीच्या नावात उघडपणे आला. ‘होमोसेक्शुअल’ या शब्दाला रोगनिदानाचा वास चिकटला होता. त्याऐवजी, ज्यांच्या वाट्याला कलंक आला होता त्यांनी स्वतःसाठी आनंदाचे नाव निवडले. याला शब्दाची चोरी कसे म्हणावे?

जुना अर्थही लगेच विझला नाही. येट्सने १९३८ च्या ‘लॅपिस लाझुली’त हॅम्लेट आणि लिअर यांच्यासाठी हाच शब्द योजला. विनाशासमोरही न ढळणारी प्रसन्नता त्याला अभिप्रेत होती. नीत्शेच्या ग्रंथाच्या इंग्रजी शीर्षकात १९१० साली ‘जॉयफुल’ होते. नवा अर्थ रूढ होत असतानाही वॉल्टर काउफमनने १९७४ साली ‘गे’ हाच शब्द घेतला.

तेव्हा अध्यापकाने हा शब्द संकोचाने गाळू नये, की आजचा अर्थ कालच्या कवितेवर लादू नये. प्रत्येक प्रयोगाचे साल विचारावे. शब्द कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न त्यानंतरचा. आनंदाचा अधिकार कोणाला, हा प्रश्न मात्र या शब्दाने प्रत्येक शतकात विचारला आहे.