शाळा संपतानाचे स्मरण : मॅट्रिकच्या आठवणींचे साधनमूल्य

शिक्षणाच्या इतिहासाची साधने स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. शाळांची दाखलपुस्तके, विद्यापीठांचे निकाल, सरकारी अहवाल आणि आयोगांपुढील साक्षी ही पहिल्या प्रकारची साधने होत. शाळेतून बाहेर पडलेल्या माणसांनी शाळेविषयी जे सांगून वा लिहून ठेवले, ते दुसऱ्या प्रकारचे साधन. पहिल्या प्रकारावर महाराष्ट्रात बरेच संशोधन झाले आहे. दुसऱ्या प्रकाराचा उपयोग मात्र बहुधा चरित्राच्या पहिल्या प्रकरणाला रंगत आणण्यापुरताच केला जातो. आठवण ही आठवण म्हणून तपासली गेली, ती कोणी, केव्हा आणि कोणत्या उंबरठ्यावर उभे राहून सांगितली याचा विचार झाला, तर तिच्यातून दाखलपुस्तकाला न सांगता येणाऱ्या कितीतरी गोष्टी हाती लागतात. त्याचबरोबर तिच्या मर्यादाही स्पष्ट होतात.

प्रथम ‘शाळा संपली’ या शब्दांचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे, कारण तो काळानुसार बदलत गेला आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा घेण्यात आली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी होत. वस्तुतः ही विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराची परीक्षा. शाळेची सांगता करण्यासाठी ती योजलेली नव्हती. तथापि थोड्याच अवधीत ‘मॅट्रिक’ हा शब्द शालेय जीवनाच्या अखेरीचा वाचक बनला. कॉलेजचे तोंडही न पाहिलेला माणूस आपल्या नावापुढे ‘मॅट्रिक’ लावू लागला आणि कचेऱ्यांतून त्या शब्दाला स्वतंत्र मोल आले. १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा एस. एस. सी. परीक्षेने घेतली. पुढे १९७५ मध्ये महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा झाली आणि अकरावीला शाळा संपण्याची जुनी रीत मागे पडली. यावरून शाळेच्या अखेरीची आठवण सांगणारा माणूस नेमक्या कोणत्या अखेरीविषयी बोलत आहे, हा प्रश्न अभ्यासकाने दर वेळी विचारला पाहिजे, हे उघड आहे.

शिवाय इंग्रजी शाळेच्या या मार्गाला समांतर असा मराठी शाळेचा दुसरा मार्ग होता. मराठी सहावीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास प्राथमिक शिक्षकाची किंवा लहानशी सरकारी नोकरी मिळू शके. खेड्यांतील असंख्य मुलांच्या दृष्टीने शाळेची अखेर ती हीच. धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मुरुड येथे वाढलेले कर्वे १८७५ मध्ये या परीक्षेसाठी साताऱ्याला निघाले. सुमारे ११० मैलांचे अंतर त्यांनी सह्याद्री ओलांडून पायी काटले. परीक्षेस बसण्यासाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते. कर्वे यांचा जन्म एप्रिल १८५८ मधील असल्यामुळे ही अट ते पुरी करीत होते. पण अंगाने लहानखुरे असलेले कर्वे तेवढ्या वयाचे दिसत नाहीत, म्हणून त्यांना परीक्षेस बसू देण्यात आले नाही आणि ते तसेच परत फिरले. पुढे ते मुंबईत शिकून १८८१ मध्ये, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाले.

हा प्रसंग कर्वे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आत्मवृत्ता’त सांगितला आहे. घटना आणि लेखन यांत चाळीस वर्षांचे अंतर आहे. या चाळीस वर्षांत परीक्षेस मुकलेला तो मुलगा फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला होता, विधवांच्या शिक्षणाची संस्था त्याने उभी केली होती, आणि महिला विद्यापीठ स्थापन व्हायला एकच वर्ष उरले होते. पायपीट आणि परत पाठवणी यांची ती हकीगत वाचकाला चिकाटीची कथा म्हणून भावते, याचे कारण तिच्या पुढे काय घडले हे वाचकाला ठाऊक असते. १८७५ मध्ये परत फिरताना मात्र ती केवळ अपयशाची वाट होती. आठवणीतील घटना खरी असली तरी तिचा अर्थ नंतरच्या आयुष्याने तिला दिलेला असतो. साधन म्हणून वापरताना या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. घटनेतून मिळणारी ऐतिहासिक माहिती अशी की, जन्मनोंदीचा पुरावा सार्वत्रिक नव्हता अशा काळात परीक्षार्थीचे वय अधिकाऱ्याच्या नजरेवर ठरत असे. हा तपशील चिकाटीच्या कथेत हरवून जाऊ देणे योग्य नव्हे.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण निराळीच आहे. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत शिक्षणाचा वृत्तांत भरपूर आहे. पण शाळा संपल्याचा क्षण त्यांत संभवतच नाही. १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या असताना त्यांचा विवाह झाला आणि त्यांचे शिक्षण पतीच्या घरी, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसून झाले. पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले ते १८८४ मध्ये, आणि ते निघावे म्हणून झटणाऱ्यांत रानडे पतिपत्नी होती. ज्या शाळेत जाण्याचे वय स्वतः रमाबाईंच्या वाट्याला आले नाही, ती शाळा इतरांसाठी उभारण्यात त्यांचा वाटा होता. तेव्हा स्त्रियांच्या आत्मचरित्रांत शालेय आठवणी कमी आढळतात, याचा अर्थ त्यांना शाळेचे महत्त्व वाटत नव्हते असा काढणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. ज्याला आरंभच नाही त्याची अखेर आठवणार कशी?

याच्या उलट टोकाला एक दुर्मीळ साधन उपलब्ध आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाला. ही आठवण नव्हे. मोठेपणीच्या यशाची सावली या लेखनावर पडलेली नाही, कारण लेखिका तेव्हा विद्यार्थिनीच होती. अस्पृश्यांना धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार नाकारणाऱ्या व्यवस्थेला तिने विचारलेले प्रश्न शाळेने दिलेल्या अक्षरज्ञानातूनच उभे राहिले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या प्रवेशपरीक्षेच्या चार वर्षे आधीचा हा निबंध आहे. शाळेने विद्यार्थ्याला काय दिले हे जाणण्यासाठी असे समकालीन लेखन आठवणींहून अधिक विश्वसनीय मानावे लागते. परंतु असे लेखन जपून ठेवण्याची रीत आपल्याकडे नसल्यामुळे अभ्यासकाला बहुतेक वेळा आठवणींकडेच वळावे लागते.

आठवण आणि नोंद यांचा परस्परसंबंध सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या शालेय जीवनात. साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या दाखलपुस्तकात ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ या क्रमांकापुढे त्यांचे नाव ‘भिवा’ असे नोंदलेले आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. मुलगा दाखल झाला, एवढे ही नोंद सांगते. तो वर्गात कोठे बसला हे ती सांगत नाही. ते ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मकथनपर लेखनातून कळते. वर्गात गुणानुक्रमे मिळणारी जागा त्यांना मिळत नसे. कोपऱ्यात स्वतंत्र गोणपाटावर बसावे लागे, आणि शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसल्यामुळे ते रोज घरी नेऊन दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. तहान लागली तरी शिपायाने नळ उघडल्याखेरीज पाणी मिळत नसे. दाखलपुस्तकात सर्व मुलांची नावे एकाच ओळीत येतात. वर्गातील रचना तशी नव्हती, हे केवळ आठवणीने जपले आहे.

पुढे एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले आणि त्यांची दुसरी भाषा फारसी होती, कारण संस्कृत शिकण्याची वाट त्यांना बंद झाली होती. याच परीक्षेत संस्कृतमध्ये सर्वोच्च गुण मिळविणाऱ्यास जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळत असे. १९१२ मध्ये परीक्षेत पहिले आलेले चिंतामणराव देशमुख हे तिचे मानकरी होते. या दोन निकालांची तुलना करताना आकडे पुरेसे नाहीत. ज्या विषयाचे दारच उघडले नाही, त्या विषयातील गुणांची रकाना निकालपत्रात असूच शकत नाही.

या परीक्षेनंतरच्या सत्कारसभेचा प्रश्न साधनचिकित्सेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. धनंजय कीर यांच्या १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रात ही सभा मॅट्रिकच्या यशानिमित्त, सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली झाल्याचे सांगितले असून, कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्या वेळी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिल्याचा उल्लेख आहे. १९५६ मध्ये आपल्या बुद्धविषयक ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र खुद्द आंबेडकर ही सभा इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल भरली होती आणि केळुसकर तिचे अध्यक्ष होते असे सांगतात. मॅट्रिक ही इंग्रजी शाळेची अखेर. इंग्रजी चौथी हा केवळ तिचा मध्य. म्हणजे फरक काही वर्षांचा आहे.

अशा ठिकाणी एक साधन स्वीकारून दुसरे टाकून देण्याचा मोह होतो. पण प्रस्तावनेतील पुढचा मजकूर अधिक विचारास लावणारा आहे. इतर समाजांतील शिक्षणाचे मान पाहता हा प्रसंग सत्कार करण्याजोगा नव्हता, परंतु आपल्या समाजातून या पायरीपर्यंत पोचलेला पहिला मुलगा म्हणून संयोजकांना ती मोठी उंची वाटली, असा त्याचा आशय आहे. सत्काराने मुलाच्या डोक्यात वारे शिरेल म्हणून वडील त्यास राजी नव्हते, आणि केळुसकरांनी त्यांचे मन वळविले, हेही तेथे नमूद आहे. सभा कोणत्या परीक्षेनंतर भरली हा कालनिर्णयाचा प्रश्न झाला. एका समाजाला जी सामान्य पायरी वाटते ती दुसऱ्या समाजाला शिखर वाटते, हे त्या आठवणीचे ऐतिहासिक तथ्य होय, आणि ते दोन्ही वृत्तांतांत अबाधित राहते. सभेचा मागे राहिलेला परिणामही दोन्हींत एकच आहे : एक पुस्तक मुलाच्या हाती पडले.

या उदाहरणांवरून काही निष्कर्ष काढता येतात. शालेय आठवणी लिहिणारे बहुतांशी यशस्वी झालेले असतात. मॅट्रिकला अडलेल्या, किंवा तेथवर न पोचलेल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांचे स्मरण छापले गेले नाही. म्हणून आठवणींवरून सर्वसाधारण विद्यार्थ्याचे चित्र रेखाटणे धोक्याचे आहे. दुसरे असे की, तारखा व पदनामे यांच्या बाबतीत नोंदीला अग्रमान द्यावा. वर्गातील जागा, पाण्याचा नळ, परीक्षकाची नजर यांसारख्या गोष्टींच्या बाबतीत मात्र आठवणीला, कारण नोंदीच्या रकान्यांची आखणीच अशी असते की या गोष्टींना तेथे स्थान नसते. तिसरे, जेथे आठवणच आढळत नाही तेथे ती का नाही याचा शोध घ्यावा. रमाबाईंच्या पिढीच्या बाबतीत ते मौन हाच पुरावा आहे.

जुन्या शाळांची दाखलपुस्तके जीर्ण होत चालली आहेत, आणि अकरावीला शाळा सोडलेली अखेरची पिढीही आता वार्धक्यात आहे. या दोन्ही साधनांचे संकलन एकाच वेळी होणे इष्ट आहे. एकाच विद्यार्थ्याची नोंद आणि त्याचे स्मरण शेजारी ठेवता आले, तरच शाळेने त्याला आत घेतले म्हणजे नेमके कोठवर घेतले, हे सांगता येईल.