काउंटी मंडळ आणि निवडणूक : ॲरिझोनातील व्यवस्था

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुला-नातवंडांच्या बोलण्यात निवडणुकीच्या दिवसांत 'काउंटी' हा शब्द वारंवार येतो. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. मात्र तिथे सरकारने नेमलेला जिल्हाधिकारी नसतो. लोकांनी निवडून दिलेले छोटे मंडळ कारभार पाहते. आपल्या निवडणूक आयोगासारखी देशभर निवडणुका घेणारी संस्थाही तिथे नाही. हे काम राज्यांच्या कायद्यांनुसार चालते आणि बहुतेक ठिकाणी काउंटीकडे असते. विस्कॉन्सिन आणि मिशिगनमध्ये ते मुख्यतः शहरा-गावांच्या कचेऱ्यांकडे आहे. म्हणून इथे ॲरिझोना या एकाच राज्याचा विचार केला आहे.

ॲरिझोनात 15 काउंट्या आहेत. फिनिक्स शहर ज्या मॅरिकोपा काउंटीत येते, तिचे पर्यवेक्षक मंडळ पाच जणांचे आहे. लहान काउंट्यांत तिघेच असतात. मुदत 4 वर्षे. मतदार नोंदणी आणि टपाली मतपत्रिका हे काम 'रेकॉर्डर' या पदाकडे असते, आणि तोही निवडून आलेला असतो. मतदान केंद्रे ठरवणे, तिथली माणसे नेमणे आणि खर्चाला मंजुरी देणे मंडळाकडे. केंद्रावर बसणारे आपल्याकडच्यासारखे शिक्षक-तलाठी नसतात. मानधनावर आलेले साधे नागरिक असतात. राष्ट्राध्यक्षापासून शाळा मंडळापर्यंतच्या जागा एकाच मतपत्रिकेवर येतात, त्यामुळे ती चांगलीच लांबलचक होते.

मोजणी झाल्यावर निकाल तपासून त्यावर मंजुरीचा ठराव करणे हे मंडळाचे शेवटचे काम. एरवी कोणाचे लक्षही जात नाही असा हा ठराव 2022 मध्ये कोचीस काउंटीत अडला. तिघांच्या मंडळातल्या दोन रिपब्लिकन सदस्यांनी मतमोजणी यंत्रांच्या प्रमाणपत्राबद्दल शंका काढून 28 नोव्हेंबरची मुदत जाऊ दिली. 47 हजारांहून अधिक मतदारांची मते लटकली. गंमत म्हणजे कोचीसमध्ये रिपब्लिकन पक्षाचेच पारडे जड. ही मते वगळली गेली असती तर त्यांच्याच पक्षाच्या उमेदवाराचा प्रतिनिधीगृहातला निसटता विजय धोक्यात आला असता. प्रकरण न्यायालयात गेले. मंजुरी देणे हे मंडळाचे कर्तव्य आहे, मर्जीचा प्रश्न नव्हे, असे म्हणत न्यायाधीशांनी 1 डिसेंबरला त्याच दिवशी बैठक घेण्याचा आदेश दिला. एक सदस्य गैरहजर राहिला, उरलेल्या दोघांनी ठराव मंजूर केला. पुढे त्या दोन्ही सदस्यांवर खटला भरला गेला आणि 2024 मध्ये एकाने किरकोळ गुन्हा कबूल केला.

आपल्याकडे नगरसेवकांना असा ठराव करावाच लागत नाही. 1992 च्या 73व्या आणि 74व्या घटनादुरुस्तीने पंचायती व नगरपालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे दिल्या, आणि आयुक्ताला उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखेच संरक्षण दिले. आपल्या तक्रारी बहुधा निवडणूक वेळेवर न होण्याच्या असतात. ॲरिझोनातला पेच निराळा : मंडळाच्या निवडणुकीत उभे राहणारे सदस्यच तिच्या व्यवस्थेवर देखरेख ठेवतात.

तिथे मतदानाचा हक्क फक्त नागरिकांना आहे, ग्रीनकार्डधारकांना नाही. पण मंडळाच्या बैठका सर्वांसाठी खुल्या असतात. ज्यांना मत नाही तेही मागे बसून ऐकू शकतात.