रविवारचे मेकॅनिक

माझ्या वडिलांनी चव्वेचाळीस वर्षे मोटारी दुरुस्त केल्या. स्वतःची मोटार त्यांच्याजवळ कधीच नव्हती. १९५४ साली पुण्यात नाना पेठेजवळच्या एका गॅरेजमध्ये ते पोऱ्या म्हणून लागले तेव्हा त्यांचे वय चौदा होते. त्यामुळे सुटीच्या दिवशी, पदरचे पैसे घालून, निव्वळ हौस म्हणून कोणी मोटारीखाली जाऊन झोपतो हे मला लहानपणी विनोदी वाटे. अण्णांना त्यात विनोदही दिसत नसे. ‘रविवारचे मेकॅनिक’ हा त्यांच्या गॅरेजातला शब्द होता, आणि तो कौतुकाने उच्चारला जात नसे. रविवारी मालकाने खोललेली गाडी सोमवारी गॅरेजात येई. कधी ओढून आणलेली, कधी तिचे निम्मे भाग पोत्यात भरलेले.

या रविवारच्या मेकॅनिकांचा इतिहास लिहावा असे मला वाटू लागले ते एका वहीमुळे. सहा वर्षांपूर्वी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, रद्दीच्या एका ढिगात, पुठ्ठ्याच्या बांधणीची फुलस्केप वही हाती लागली. वीस रुपयांना घेतली. १९६७ ते १९८४ या सतरा वर्षांत एका फियाट ११०० गाडीवर मालकाने स्वतः केलेल्या प्रत्येक कामाची तीत तारीखवार नोंद होती. मालकाचे नाव कुठेच नव्हते. अक्षर वळणदार, आकृत्या पट्टीने आखलेल्या. आपण कुणासाठी लिहितो आहोत याची या माणसाला कल्पना होती का, हा प्रश्न पहिल्याच पानावर पडला.

वही समजून घ्यायची तर आधी त्या गाडीचा काळ समजून घ्यावा लागतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता. पन्नासच्या दशकाच्या आरंभी इटलीच्या फियाटशी झाला. याच सुमारास, १९५३ साली, टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांची देशातच गाडी बनवण्याची योजना असेल त्यांनाच या धंद्यात राहू द्यावे. परदेशातून सुटे भाग आणून इथे नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. उरल्या मोजक्या गाड्या : कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसेडर, मद्रासची स्टँडर्ड.

१९५४ साली कुर्ल्याहून जी फियाट ११०० निघू लागली तिला मुंबईकरांनी तिच्या गोल-गरगरीत आकारावरून ‘डुक्कर फियाट’ म्हटले. पुढे ‘सिलेक्ट’, ‘सुपर सिलेक्ट’ आल्या, १९६४ च्या सुमारास ‘डिलाइट’ आली. सत्तरच्या दशकात ‘डिलाइट’चेच नाव बदलून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. नावे बदलली, दिवे-जाळ्या बदलल्या. पण १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन मूलतः तेच राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती गाडी कुर्ल्याला तयार होत होती.

गाडी बनत होती, पण मिळत नव्हती. १९५९ साली सरकारने मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला. पैसे भरून नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे थांबायचे. अशी मिळालेली गाडी घरातल्या माणसासारखी सांभाळली जाई, आणि जुनी गाडीसुद्धा चांगल्या भावाने खपे. माझ्या वहीवाल्याने घेतली ती जुनीच होती : १९६४ च्या ‘डिलाइट’चा तो दुसरा मालक. पहिल्या पानावर किंमत लिहून तिच्यावर नंतर रेघ मारली आहे. बहुधा घरात कुणाला कळू नये म्हणून.

हौशी दुरुस्तीचा उगम या टंचाईत आहे असे सहसा सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. टंचाई स्कूटरचीही होती आणि टेलिफोनचीही; टेलिफोन खोलून बसणारे लोक मला फारसे सापडले नाहीत. मोटारीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी जुळून आल्या. एक म्हणजे यंत्र बदलत नव्हते. १९६७ साली शिकलेली गोष्ट १९८४ सालीही उपयोगी पडत होती, त्यामुळे शिकण्याचे कष्ट वाया जात नसत. दुसरे म्हणजे यंत्र उघडे होते. बॉनेट उचलले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी हात खाली जाई. बिघाड दिसे, ऐकू येई, त्याचा वास येई. कंपनीच्या मालकपुस्तिकेतच प्लग कसे साफ करावेत, पॉइंट कसे लावावेत ते दिलेले असे. मालक हे करणार हे तेव्हा गृहीत होते.

वहीतल्या नोंदी अशाच आहेत. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट पॉलिश पेपरने घासून फीलर गेजने त्यांच्यातले अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित आत लावणे. कार्बुरेटर उतरवून त्याचे जेट फुंकून साफ करणे. तार घालायची नाही, भोक मोठे होते, असे खाली अधोरेखित. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवणे, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जाते. मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात पेट्रोल पंप तापून नळीत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते, तेव्हा पंपावर ओले फडके टाकून पंधरा मिनिटे बसणे. या शेवटच्या नोंदीच्या समासात तेव्हा खाल्लेल्या करवंदांचा भावसुद्धा आहे.

अवजारांचीही यादी आहे. अ‍ॅम्बॅसेडरचे मूळ इंग्लंडचे, म्हणून तिला इंची मापाचे पाने लागत. फियाट इटलीची, तिला मिलिमीटरचे. दशमान पद्धतीचा कायदा आपल्याकडे १९५६ साली झाला, पण बाजारातली जुनी मापे लगेच गेली नाहीत. वहीवाल्याने दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा असे दुतोंडी पाने एकेक करून जमवले आणि प्रत्येकाची तारीख लिहून ठेवली. सोने घेतल्याची नोंद लोक अशी ठेवतात.

इथपर्यंत ही वही म्हणजे मध्यमवर्गीय स्वावलंबनाची एक गोड गोष्ट आहे, आणि मीही ती तशीच लिहिणार होतो. पांढरपेशा माणसाने हात काळे करण्यात त्या काळी एक मूल्यही होते. ज्या समाजात हाताच्या कामाची आणि डोक्याच्या कामाची माणसे जन्मानेच वेगळी ठरत होती, तिथे लेंगा-बनियनवर मोटारीखाली आडवा झालेला कारकून किंवा प्राध्यापक ही लहान गोष्ट नव्हती.

पण वही दुसऱ्यांदा वाचताना मला तिच्यात आणखी दोन माणसे दिसू लागली. पहिली ‘सौ.’. ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढणे हे एकट्याचे काम नाही. एकाने चाकाशी बसून निपल सैल करायचे, दुसऱ्याने आत बसून पेडल दाबायचे, सांगितल्यावर धरून ठेवायचे, सांगितल्यावर सोडायचे. चारही चाकांना हे करायचे. सतरा वर्षांत वहीत हे काम नऊ वेळा आले आहे आणि नऊही वेळा पेडलवर ‘सौ.’ आहे. पहिल्या नोंदीत तिच्याकडून चूक झाल्याची तक्रार आहे. सहाव्या नोंदीत पेडल अजून मऊ लागते, हवा शिल्लक आहे, असे तिनेच सांगितल्याचे लिहिले आहे. पायाच्या तळव्याला कळणारे हे ज्ञान तिला कुणी शिकवले नव्हते.

दुसरा माणूस ‘मिस्त्री’. दर दोन-चार महिन्यांनी तो येतो, एखादी अडलेली गोष्ट सोडवतो, त्याच्या नावापुढे रुपये लिहिले जातात आणि तो जातो. त्याने काय केले ते लिहिले आहे; कसे ओळखले ते लिहिलेले नाही. प्लगचा मेक लिहिणाऱ्या, करवंदांचा भाव लिहिणाऱ्या या माणसाने सतरा वर्षांत मिस्त्रीचे नाव एकदाही लिहिलेले नाही. इथे माझ्यातला संशोधक बाजूला झाला आणि मेकॅनिकचा मुलगा जागा झाला. वही मी कपाटात ठेवून दिली, आणि वर्षभर तिला हात लावला नाही.

ती पुन्हा काढली अण्णांसाठी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना वाचायला मनाई होती, म्हणून मी रोज संध्याकाळी त्यांना काहीतरी वाचून दाखवत असे. एके दिवशी वही घेतली. पहिल्या दोन-तीन पानांना ते नुसते हुंकार देत होते. मग सावरून बसले.

१९७३ च्या उन्हाळ्यातली नोंद आली. वहीवाल्याने रविवारी दुपारी, गावाबाहेरून येताच, इंजिनाचे हेड उतरवले होते. आत साचलेला कार्बन खरवडला, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, नवे गॅस्केट घालून बोल्ट मधल्यापासून कडेकडे आवळत आणले. सगळे पुस्तकाबरहुकूम. तरी महिन्यात गॅस्केट उडाले. दुसरे घातले, तेही उडाले. निष्कर्ष : हल्लीच्या मालाला दर्जा राहिलेला नाही.

“थांब,” अण्णा म्हणाले. “गाडी गावाहून आली आणि लगेच हेड उतरवलं ना त्यानं?”

“हो, असंच लिहिलंय.”

“अरे, अल्युमिनियमचं हेड आहे ते. गरम असताना बोल्ट सैल केले की वाकतं. रात्रभर थंड होऊ द्यायचं असतं. गॅस्केट बिचारं काय करणार?” थोडे थांबून म्हणाले, “मिस्त्रीनं पुढं काय केलंय बघ. हेड फेस करून आणलं असेल.”

मी पान उलटले. ऑगस्टमध्ये मिस्त्रीने हेड लेथवाल्याकडे नेऊन त्याचा पृष्ठभाग सपाट करून आणला होता. त्यानंतर गॅस्केटची तक्रार नाही. पण वहीवाल्याने दोन गोष्टींचा संबंध जोडलेला नव्हता. मिस्त्रीने त्याला सांगितले नसेल, किंवा सांगितलेले त्याला लिहिण्याजोगे वाटले नसेल. चौदाव्या वर्षी गॅरेजात लागलेल्या माणसाने जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, डोळे मिटून, फक्त ऐकून ती चूक पकडली.

मला वाटले होते, अण्णा वहीवाल्याला हसतील. ते म्हणाले, “पण त्यानं लिहून ठेवलं. आम्ही काय ठेवलं?”

या प्रश्नाने माझ्या लेखाची दिशा बदलली. हौशी माणसाकडे वेळ होता, वही होती, चूक परवडत होती. त्याचा बिघाड हा त्याचा अनुभव होता. मेकॅनिकचा बिघाड म्हणजे पगारातली कपात. त्याच्याकडे ज्ञान होते, पण ते उस्तादाकडून पोऱ्याकडे शिव्यांसकट तोंडी जात असे, आणि कधी मुद्दाम अर्धेच दिले जाई, कारण तेच त्याचे भांडवल होते. हौशी दुरुस्तीचा लिखित इतिहास म्हणूनच एकतर्फी आहे. पण त्या एकतर्फी कागदांच्या फटींतूनच दुसरी बाजू दिसते. ती दुसरीकडे फारशी कुठे लिहिलेली नाही.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आवश्यक झाले. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा कार्बुरेटर गेला, पॉइंट गेले. त्यांची जागा संगणकाने नियंत्रित होणाऱ्या इंधन-फवाऱ्याने घेतली. हवा स्वच्छ होण्यासाठी हे हवेच होते, त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण पुस्तिकेतल्या आकृत्या जाऊन तिथे सर्व्हिस सेंटरला भेट द्या, अशी सूचना आली. रविवारचा मेकॅनिक संपला आणि त्याच्या पाठोपाठ नाक्यावरचा सोमवारचा मेकॅनिकही अडचणीत आला. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेरीस त्यासाठीचे पोर्टलही सुरू केले. मोटारी त्यात आहेत. घेतलेली वस्तू उघडण्याचा हक्क मागावा लागेल, हे वहीवाल्याला किंवा अण्णांना, दोघांनाही पटले नसते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली, तेव्हा लोकांनी तिच्याबरोबर फोटो काढले. तिला इतकी वर्षे चालती ठेवणारे हात त्या फोटोंत क्वचितच आले असतील.

सध्या मी एक नवी वही केली आहे. रोज संध्याकाळी अण्णा सांगतात, मी लिहून घेतो. टॅपेटचा आवाज आणि बेअरिंगचा आवाज कसा वेगळा ओळखायचा, स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आत काय चालले आहे ते कसे ऐकायचे, किंगपिन खलास झाल्याचे चाक नुसते हलवून कसे कळते. काही गोष्टी शब्दांत येत नाहीत. तिथे ते हवेत हात फिरवून दाखवतात आणि मी कंसात ‘हात असा’ एवढेच लिहितो.

परवा त्यांनी विचारले, “हे वाचणार कोण? आता तसली गाडी तरी कुठाय?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी विचारले, “तुमच्या उस्तादांचं पूर्ण नाव काय हो?”

ते बराच वेळ आठवत राहिले. सगळे त्यांना उस्तादच म्हणत. शेवटी नाव आठवले, वडिलांच्या नावासकट आणि गावासकट. ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.