सुताची हवा, माणसाची हवा

भिवंडीस कोणी हवापालटास जात नाही. माथेरान-महाबळेश्वरच्या हवेची वाखाणणी करणारे पुष्कळ भेटतात. आमच्या गावाच्या हवेस चांगले म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. तरीही या गावाच्या इतिहासात हवेचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली ती पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात. पुढे याच खाडीच्या आधाराने मराठी आरमार उभे राहू लागले. खाडीचा व्यापारही ऋतू पाहूनच चाले. पाऊस आला की गलबते किनाऱ्यास लागत आणि नारळी पौर्णिमेस सागराला नारळ वाहिल्यावरच पुन्हा निघत.

1857 नंतर उत्तरेकडील मोमीन विणकर येथे आले. त्यांच्या हातमागांशेजारी पुढे यंत्रमागही उभे राहिले. मुंबईची बाजारपेठ जवळ होती हे खरेच. पण हवाही अनुकूल होती. कापसाचे सूत दमट हवेत बळकट राहते, कोरड्या हवेत तुटते. लहानपणी मामांच्या कारखान्यात मी हे कानांनी ऐकले आहे. पौषात सकाळी पूर्वेचा कोरडा वारा सुटला की मागांची खटखट वारंवार थांबे. मग मामा म्हणत, "वारा फिरलाय रे, पाणी आण." मी बादलीने फरशीवर पाणी शिंपडीत असे. दुपारी खारा वारा आला की माग पुन्हा सुरळीत चालत.

लँकशायरच्या विणकामशाळांत तर मुद्दाम वाफ सोडीत. मजुरांच्या प्रकृतीस ती बाधू लागली, तेव्हा 1889 साली कायदा होऊन हवेतील ओलाव्यास मर्यादा घातली गेली. आमच्याकडे वाफ निसर्गच सोडतो; त्याला कायदा कोण लावणार?

वैशाखात मामांच्या कारखान्यातील एक वृद्ध कारागीर पाळी संपल्यावर दाराशी उभा राहून सदरा पिळीत असे. एकदा तो मला हसून म्हणाला, "आज एकही दोरा तुटला नाही, बाळ!" तापलेल्या पत्र्याखाली तो दिवसभर उभा होता.

सुताला मानवणारी हवा माणसाला मानवतेच असे नाही. भिवंडीच्या हवेची नोंद करताना पाऊस व तापमान यांच्या शेजारी तो पिळलेला सदराही मांडावा, एवढेच माझे मागणे आहे. दिवाळीचे नवे कापड अंगावर घेताना मला तो हटकून आठवतो.