पावती, भागदाखला, करारनामा

गिरगाव, लालबाग किंवा दादरच्या एखाद्या जुन्या चाळीतली खोली विकली जाते, तेव्हा विकणारा तिचा मालक नसतो. तो भाडेकरू असतो. त्याच्याकडे असते ती महिन्याच्या भाड्याची पावती, आणि ती दुसऱ्याच्या नावावर करून देण्याचे तो लाखो रुपये घेतो. त्यातला साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, घरमालकाला जातो. मगच नव्या नावाने पावती फाटते. एवढे पैसे मोजून घेणारासुद्धा भाडेकरूच होतो. जमीन मालकाची, भिंती मालकाच्या, तरी खोली पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच कुटुंबाची. हा पगडीचा व्यवहार २००० सालापर्यंत कायद्याने गुन्हा होता, आणि त्याच काळात मुंबईतली असंख्य मराठी कुटुंबं याच वाटेने शहरात स्थिरावली.

मुंबईतल्या घरांच्या किमतींवर पुष्कळ लिहिलं जातं. पण ती किंमत मोजून हाती नेमकं काय येतं, हे गेल्या शंभर वर्षांत जवळजवळ दर पिढीला बदललं आहे. आजोबांनी भाडेपावती घेतली, वडिलांनी सोसायटीचा भागदाखला, आणि नातू आज न बांधलेल्या इमारतीतल्या विसाव्या मजल्यावरच्या जागेचा करारनामा घेतो. या प्रत्येक बदलामागे एक टंचाई आहे, आणि तिच्यावर उपाय म्हणून आलेला एक कायदाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत नोकरदार माणूस घर विकत घेत नसे. तो बिऱ्हाड करी. १८९६ च्या प्लेगने कोंदट वस्त्यांमधला मृत्यू सरकारच्या डोळ्यांसमोर आणला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले, बीआयटी चाळी बांधल्या आणि पुढे दादर-माटुंग्याला आखीव वसाहतींसाठी भूखंड दिले. १९२० मध्ये आलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे एकूण २०७ चाळी उभ्या केल्या. त्याच बीडीडी चाळी. या सगळ्या घरांचा मालक सरकार, ट्रस्ट किंवा शेठ, राहणारा भाडेकरू.

त्याच काळात गावदेवीला एक वेगळा प्रयोग झाला. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीची नोंदणी झाली. भारतातल्या सहकारी गृहरचनेची सुरुवात इथून मानली जाते. सभासदांनी भाग घ्यायचे, त्या भांडवलावर आणि कर्जावर इमारती बांधायच्या, मालकी संस्थेची ठेवायची आणि सभासदाने तिथे हक्काने राहायचं, अशी ही योजना. कुणाच्या मेहेरबानीवर न राहता, स्वतःला परवडेल अशा खर्चात, शेजाऱ्यांच्या बरोबरीने घर मिळवण्याचा तो विचार होता. आज मुंबईत फ्लॅट विकताना जो भागदाखला हस्तांतरित होतो, त्याची मुळं या योजनेत आहेत.

१९३० च्या दशकात जागांचा बाजार भाडेकरूच्या बाजूने झुकलेला होता. दादर-माटुंग्याच्या नव्या इमारतींवर ‘टु लेट’च्या पाट्या लागत, आणि बीडीडीच्या कित्येक खोल्या सुरुवातीला रिकाम्या राहिल्या होत्या. या काळातला घराचा प्रवास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात ठळक दिसतो. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांमध्ये त्यांच्या कुटुंबाने दोन दशकांहून अधिक काळ काढला. मग दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधलं, तेही मुख्यतः ग्रंथसंग्रहाला पुरेशी जागा हवी म्हणून. खारला ‘चार मिनार’ नावाची त्यांची दुसरी इमारत होती. देणी फेडण्यासाठी आणि पुस्तकांसाठी पैसा लागला तेव्हा, १९४१ मध्ये, त्यांनी ती विकली. राजगृह मात्र राखलं. चाळीत वाढलेल्या माणसाला त्या काळात जमीन घेऊन घर बांधता येत होतं, ते अर्थात फार थोड्यांना, आणि अपार कष्टांनंतर.

मग महायुद्ध आलं आणि चित्र पालटलं. कारखाने, गोदी आणि लष्करी कामांमुळे माणसं लोटली. फाळणीनंतर निर्वासित आले. आजच्या बृहन्मुंबईच्या क्षेत्रात १९४१ मध्ये अठरा लाखांच्या आसपास लोक होते, ते १९५१ मध्ये तीस लाखांच्या घरात गेले. घरं त्या प्रमाणात वाढली नव्हती. भाडेकरूला रस्त्यावर येऊ द्यायचं नाही म्हणून १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी असलेलं भाडं हे प्रमाण भाडं ठरलं. सबळ कारणाशिवाय भाडेकरूला काढता येईना आणि त्याच्या पश्चात सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांना हक्क मिळू लागला. गिरणी कामगार, कारकून, शिक्षक यांच्यासाठी हा कायदा खरोखर आधार ठरला. तो नसता तर गिरणगावातली कित्येक बिऱ्हाडं दोन-चार वर्षांत उठली असती.

पण गोठलेलं भाडं आणि वाढती मागणी यांच्यात जी तफावत पडली, तिची किंमत कुणीतरी वसूल करणार होतंच. खोली रिकामी होताना मालक नव्या भाडेकरूकडून एकरकमी पगडी घेऊ लागला. जाणारा भाडेकरूही आपला ताबा विकू लागला. कायद्याने दोघांनाही अशी रक्कम घ्यायला बंदी केली होती. त्यामुळे पैसा रोख फिरे, कागदावर काही नसे, आणि सगळा भरवसा दलालाच्या शब्दावर व मालकाच्या मेहताजीवर असे. पैसे देऊनही पावती नावावर झाली नाही, तर कोर्टात जायची सोय नव्हती, कारण व्यवहारच बेकायदा. घरखरेदीतली ‘थोडे चेकने, बाकी रोख’ ही सवय मुंबईच्या अंगवळणी पडली, तिचा एक मोठा झरा इथे आहे.

दुसरा परिणाम इमारतींवर झाला. पंचवीस-तीस रुपये भाडं येणाऱ्या खोलीच्या गळक्या छपरावर मालक खर्च करीना, आणि मालकीच नसल्याने भाडेकरूही करीना. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. अखेर १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. भाडेकरूंकडून उपकर घेऊन दुरुस्ती करायची ठरली. अशा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. पुढे भाडेनियंत्रणाला बगल देण्यासाठी लोक ‘लिव्ह अँड लायसन्स’वर जागा देऊ लागले, तेव्हा कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी असा करार चालू असलेल्या राहणाऱ्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ज्यांना ते मिळालं त्यांचं भलं झालं. पण त्यानंतर जागा भाड्याने द्यायची म्हटलं की मालकाला धास्ती वाटू लागली, आणि कित्येकांनी ती कुलूपबंद ठेवणं पसंत केलं.

भाड्याची नवी घरं बांधण्यात पैसा गुंतवणारं कुणी उरलं नाही, तिथे ‘ओनरशिपचा ब्लॉक’ जन्माला आला. बांधणाऱ्याने आधी पैसे घ्यायचे, त्या पैशांतून इमारत उभी करायची, आणि गाळे विकून मोकळं व्हायचं. पन्नासच्या दशकात हा धंदा जोरात वाढला आणि फसवणूकही तितकीच वाढली. नकाशा एक दाखवायचा आणि बांधायचं दुसरं, ताबा वर्षानुवर्षं द्यायचा नाही, जमिनीचे कागद दाखवायचे नाहीत, हिशोब द्यायचा नाही. महाराष्ट्र स्थापन झाला त्याच वर्षी, १९६० मध्ये, राज्य सरकारने या गैरप्रकारांच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिच्या अहवालानंतर १९६३ चा ओनरशिप फ्लॅट्स कायदा आला. बांधकाम क्षेत्रात तो ‘मोफा’ म्हणून ओळखला जातो. किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार करून तो नोंदवणं, ताब्याची तारीख लिहून देणं, सोसायटी स्थापन करणं, आणि सोसायटीच्या नोंदणीनंतर चार महिन्यांत जमीन व इमारत तिच्या नावे करून देणं ही बिल्डरची जबाबदारी ठरली. सारस्वत सोसायटीत सभासद एकत्र येऊन घर बांधत होते. आता घर बिल्डर बांधणार आणि सोसायटी नंतर होणार, असा क्रम उलटला. मालकीचा प्रश्न पुढे जो चिघळला, तो याच उलट्या क्रमातून.

पैसा कुठून आणायचा, हा मध्यमवर्गाचा खरा प्रश्न. सरकारी नोकराला घरबांधणी अग्रिम मिळे, काहींना आयुर्विम्याचं कर्ज; बाकीच्यांसाठी प्रॉव्हिडंट फंड, बायकोचे दागिने आणि नातेवाइकांची उसनवारी. एच. टी. पारेख यांनी १९७७ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, एचडीएफसी स्थापन केली आणि पगारदाराला घरासाठी दीर्घ मुदतीचं कर्ज देणं हा स्वतंत्र व्यवसाय झाला. त्याच वर्षी ‘घरौंदा’ हा भीमसेन यांचा चित्रपट आला. अमोल पालेकर आणि झरीना वहाब यांनी साकारलेलं जोडपं पै-पै साठवून फ्लॅट बुक करतं आणि बिल्डर पैसे बुडवतो. मोफा होऊन चौदा वर्षं झाली होती, तरी ही कथा त्या काळच्या प्रेक्षकाला आपली वाटली.

याच वर्षांत गिरगाव, परळ, लालबाग इथली कुटुंबं डोंबिवली, ठाणे, मुलुंड, बोरिवलीकडे सरकू लागली. त्यांचं गणित सरळ होतं. चाळीतल्या खोलीची पगडी हीच त्यांची एकमेव ठेव. ती मोडून आलेल्या पैशांत उपनगरात स्वयंपाकघर, संडास-बाथरूम घरातच असलेला ब्लॉक मिळे. नळावरची रांग आणि गॅलरीच्या टोकाचा सामायिक संडास मागे राहिला, मुलांना अभ्यासाला कोपरा मिळाला, आणि बदल्यात रोजची लोकल वाट्याला आली. मराठी मध्यमवर्गाचं मुंबईतून बाहेर जाणं हे अनेकदा केवळ हतबलतेचं म्हणून सांगितलं जातं. त्यात घरातल्या बाईची सोय, वाढतं कुटुंब आणि मालकीची ओढ हेही होतं, आणि ते तितकंच खरं आहे.

१९८५ पर्यंत फ्लॅटचे करार किरकोळ रकमेच्या मुद्रांकावर होत. त्या वर्षी १० डिसेंबरपासून ताबा देणाऱ्या करारालाच खरेदीखत मानून मुद्रांक शुल्क आकारलं जाऊ लागलं. आज जुना फ्लॅट विकताना आधीच्या प्रत्येक व्यवहाराचे मूळ करार मागितले जातात आणि त्या तारखेची वारंवार आठवण काढावी लागते.

नव्वदच्या दशकात उदारीकरणाचा पैसा जागांमध्ये ओतला गेला. १९९५ च्या सुमाराला नरिमन पॉइंटच्या कार्यालयांचे दर जगातल्या सर्वांत महागड्या शहरांच्या पंक्तीत बसले, आणि त्यानंतर बाजार असा कोसळला की तेजीत घर घेतलेल्यांना पुढची कित्येक वर्षं आपली किंमत परत दिसली नाही. दर पुन्हा वर आले तोवर गिरणगाव विक्रीला निघालं होतं. १९८२ च्या गिरणी संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या गिरण्यांपैकी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या काही गिरण्यांच्या जमिनी २००५ मध्ये लिलावात गेल्या: ज्युपिटर मिल २७६ कोटींना, मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना. ज्या चाळींतल्या खोल्यांची पगडी कामगारांनी उसनवारी करून भरली होती, त्यांच्या शेजारी आता कोट्यवधींचे फ्लॅट उभे राहू लागले.

दरम्यान भाडेनियंत्रणाचा हिशोब सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, १९४० च्या पातळीवर गोठवलेलं भाडं काळाच्या ओघात अन्यायकारक आणि मनमानी झालं आहे. १९९९ चा नवा भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. भाडं वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा मिळाली आणि पगडी घेणं-देणं वैध झालं. पन्नास वर्षं लपूनछपून चाललेल्या व्यवहाराला पावती मिळाली.

ओनरशिपच्या घरांची लढाई मात्र क्षेत्रफळावर येऊन ठेपली होती. ‘सुपर बिल्ट-अप’च्या नावाखाली जिना, लिफ्ट, गच्ची सगळं ग्राहकाच्या चौरस फुटांत मोजलं जाई. खांबांमधली पार्किंगची जागासुद्धा वेगळी विकली जाई. दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बिल्डरला विकता येणार नाही, असा निर्णय दिला. १ मे २०१७ पासून महारेरा हे बांधकाम व्यवसायाचं नियामक प्राधिकरण सुरू झालं. विक्री चटई क्षेत्रावर, ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात, आणि प्रकल्पाची माहिती सर्वांना खुली. १९६० च्या समितीपुढे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींवर खरा वचक बसायला एवढी वर्षं लागली.

तरी एक काम राहूनच गेलं आहे. वर्षानुवर्षं कर्जाचे हप्ते फेडून घर ‘आपलं’ झालेल्या कित्येक सोसायट्यांची जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्याच नावावर आहे. पुनर्विकासाची वेळ येते तेव्हा ही उणीव महागात पडते: वाढीव बांधकामाचा हक्क कुणाचा यावरून वाद होतात आणि रहिवाशांची बाजू लंगडी पडते. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ भाडेकरूंना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. जमीन शासनाची असल्याने तिथे मालकीचा तिढा नव्हता. खाजगी जमिनीवरच्या सोसायट्यांना तो स्वतःच सोडवावा लागतो. त्यासाठी मोफाच्या २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने टाळलं तरी जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याची, तरतूद केली आहे. सर्वसाधारण सभेत ठराव करून, कागदपत्रं जोडून, जिल्हा उपनिबंधकांकडे तसा अर्ज करता येतो, आणि त्याला बिल्डरची सही लागत नाही.