श्वासाची नळी आणि साबणाचे पाणी

दुष्फेन पाण्यावर हिंगोलीत घेतलेल्या एका वर्गानंतर वसमत भागातले एक गुरुजी आमच्यासाठी थांबून राहिले. सगळे गेल्यावर त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचा एक चपटा डबा काढला. तळाशी धातूची पट्टी, तिच्यावर पांढरी खरखरीत पुटे आणि कडेला गुलाबीसर बुळबुळीत थर. "वडिलांच्या झोपेच्या मशीनचा आहे, सर. वास येतो म्हणून तीन महिन्यांपासून त्यांनी मशीन लावणेच सोडले. विक्रेता म्हणतो, निर्जंतुक करायला ओझोनची पेटी घ्या." मशीन कपाटात गेले होते. वडील पुन्हा रात्रभर घोरत होते, मध्येच गप्प होत होते, आणि गप्प झाले की आई उठून त्यांना हलवत होती.

या घरातली खरी काळजीची गोष्ट ते गप्प होणे ही आहे. जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ आणि मऊ टाळू मागे सरकतात. वाट अरुंद झाली की घोरणे, पुरती मिटली की श्वास बंद. छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घशात मोठा घुरका येतो आणि श्वास पुन्हा सुरू. असे प्रत्येक वेळी दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ घडले की त्याला ॲप्निया म्हणतात. तीव्र आजारात हे तासाला तीस वेळा किंवा जास्तही होते. सकाळी रुग्णाला त्यातले काही आठवत नाही. त्याला फक्त दिवसभर पेंग येते. फेब्रुवारी 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा मृत्यूच्या कारणांत हा आजार सांगितला गेला आणि 'स्लीप ॲप्निया' हा शब्द आपल्याकडच्या अनेक घरांत प्रथमच पोचला.

झोपलेल्या किंवा बेशुद्ध माणसाच्या श्वासाकडे लक्ष ठेवण्याच्या इतिहासात आपल्या भागाचाही एक धागा आहे. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला, पण त्याआधी दीर्घकाळ हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, 1888 साली डॉ. एडवर्ड लॉरी यांनी क्लोरोफॉर्म आयोग भरवला. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने, हा वाद होता. 'लॅन्सेट' नियतकालिकाचे समाधान होईना, म्हणून 1889 मध्ये दुसरा आयोग बसला. निजाम सरकारने खर्चासाठी एक हजार पौंड देऊ केले आणि लंडनहून लॉडर ब्रंटन आले. या कामात भूल देणाऱ्या रूपाबाई फर्दूनजी यांचाही सहभाग होता. निष्कर्ष निघाला तो असा : नाडीपेक्षा श्वास पाहा. हृदयाबाबतचे त्यांचे म्हणणे पुढे अपुरे ठरले. 1911 च्या सुमारास लेव्ही यांनी क्लोरोफॉर्म थेट हृदयाची लयही बिघडवू शकतो हे दाखवले. पण बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडते आणि जबडा पुढे ओढला की वाट मोकळी होते, हे भूल देणाऱ्यांच्या हाताला ठाऊक होते. रोजच्या झोपेतही हेच घडत असेल याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

याला कारण कदाचित आपली घोरण्याकडे पाहण्याची विनोदी दृष्टी असावी. आपल्याकडे कुंभकर्ण, तर इंग्रजीत डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधला उभ्या उभ्या झोपणारा लठ्ठ पोऱ्या जो. 1956 मध्ये बरवेल आणि सहकाऱ्यांनी अशाच एका लठ्ठ, झोपाळू रुग्णाचे वर्णन करताना आजाराला पिकविकचेच नाव दिले. पण दोष रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला दिला. रात्री रुग्णाच्या शेजारी यंत्रे लावून बसण्याचे काम 1965 मध्ये फ्रान्स आणि जर्मनीत, दोन गटांनी स्वतंत्रपणे केले, आणि थांबणारा श्वास कागदावर उमटला.

रोग कळला, पण उपाय भयंकर होता. 1969 मध्ये जर्मनीत कुलो आणि सहकाऱ्यांनी गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवली. अडथळा घशात, म्हणून त्याच्या खालून वाट काढली. रुग्ण बरा झोपू लागला. पण या नळीत कफ साठतो, तो रोज काढावा लागतो, भोवतालची जखम स्वच्छ ठेवावी लागते. आमच्या मते या आजारातल्या घरगुती स्वच्छतेचा इतिहास इथून सुरू होतो : उघड्या गळ्यापासून.

जून 1980 मध्ये सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांच्याकडे असा एक रुग्ण आला, ज्याला गळ्याला छिद्र नको होते. सुलिव्हन यांनी नाकावाटे हलक्या दाबाची हवा सतत सोडली. फुग्यात हवा असली की त्याच्या भिंती चिकटत नाहीत, तसाच घसा हवेच्या दाबाने उघडा राहिला आणि तो माणूस रात्रभर शांत झोपला. एप्रिल 1981 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांचा अहवाल आला. दाब होता पाण्याच्या 4.5 ते 10 सेंटिमीटर स्तंभाइतका. हा दाब किती, हे वर्गात सहज दाखवता येते. पाण्याच्या बाटलीत नळी दहा सेंटिमीटर बुडवा आणि फुंका. पहिला बुडबुडा निघतो तेव्हा आपण तेवढाच दाब दिलेला असतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम शंभरावा भाग. एवढ्याशा दाबाने गळ्याचे छिद्र टळले. या उपायाचे इंग्रजी आद्याक्षरी नाव सीपॅप.

सुरुवातीची यंत्रे ओबडधोबड होती. हवा ढकलायला व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीचा पंखा, आणि आवाज तसाच. प्रत्येकाच्या नाकाचा साचा घेऊन मास्क बनवत आणि रोज रात्री तो सिलिकोनच्या गोंदाने चिकटवत. सकाळी मास्क सोडवून गोंद खरवडणे हीच तेव्हाची साफसफाई. पुढे मऊ सिलिकोनचे, पट्ट्यांनी बांधायचे मास्क आले आणि गोंदाच्या जागी चेहऱ्याचे तेल व घाम धुण्याचे काम आले. मग नाक कोरडे पडते म्हणून वाटेत पाणी तापवणारा डबा बसवला. गुरुजींच्या पिशवीत होता तो हाच.

या डब्यातले पुट आणि त्याची सुरक्षितता या दोन्हींचे मूळ एकच आहे. पाणी तापते आणि त्याची वाफ हवेत मिसळते. वाफेबरोबर पाण्याचे रेणू जातात. क्षार आणि जंतू बहुतांशी मागेच राहतात, मिठागरात मीठ राहते तसे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असते. ते तापले की कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. रोज नवे पाणी ओतले आणि जुने फेकले नाही, तर डब्यात दर रात्री क्षारांची भर पडते, आणि कोमट, साचलेल्या पाण्यात जंतूंची वस्ती होते.

वाफेऐवजी तुषार उडवणाऱ्या यंत्रांची गोष्ट वेगळी. त्यांच्या थेंबांबरोबर जंतूही फुप्फुसात जातात. 1965 मध्ये अमेरिकेत डॅलसच्या रेनार्झ, पिअर्स, सॅनफर्ड यांच्या गटाने रुग्णालयातल्या अशा तुषारयंत्रांतून जंतू पसरत असल्याचे दाखवले आणि नंतर सौम्य ॲसेटिक आम्लाने, म्हणजे शिरक्यातल्याच आम्लाने, ती यंत्रे स्वच्छ करून पाहिली. रुग्णालयातला हा अनुभव घरच्या सीपॅपला जसाच्या तसा लागू होत नाही. घरच्या यंत्रामुळे न्यूमोनिया होतो का, यावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. 2021 मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले, तेव्हा ऑक्सिजनच्या बाटलीतल्या नळाच्या पाण्यावरही संशय घेतला गेला. पण मुख्य कारणे अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा भरमसाट वापर ही होती. पाणी स्वच्छ हवेच. मात्र घाबरून यंत्र कपाटात ठेवण्याचा तोटा निश्चित आहे, आणि जंतूंचा धोका बहुधा त्याहून लहान.

भीती मात्र विकता येते. पाण्याविना, एका बटनावर यंत्र निर्जंतुक करणाऱ्या ओझोनच्या आणि अतिनील किरणांच्या पेट्या बाजारात आल्या. ओझोन जंतू मारतो, कारण तो समोर येईल त्याचे ऑक्सिडीकरण करतो. त्यात रबर, फोम आणि माणसाची श्वासवाहिनीही आली. फेब्रुवारी 2020 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितले की सीपॅपसाठी अशा एकाही पेटीला आपण मान्यता दिलेली नाही. पुढच्याच वर्षी, जून 2021 मध्ये, फिलिप्स रेस्पिरॉनिक्सने आपली लक्षावधी यंत्रे परत मागवली. पंख्याचा आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण व वायू श्वासात जाण्याची शक्यता होती. उष्ण दमट हवेने आणि ओझोनच्या सफाईने ही झीज वाढू शकते, असे कंपनीनेच म्हटले. धोका नेमका किती, यावर कंपनी आणि प्रशासन यांचे एकमत झाले नाही. पंख्याचा जो आवाज सुलिव्हनच्या रुग्णांनी सोसला, तो घालवायला हा फोम आला होता.

गुरुजींना आम्ही ओझोनची पेटी घेऊ नका असेच सांगितले. आधी यंत्राचे मॉडेल परत मागवलेल्यांपैकी आहे का, ते डॉक्टरांकडून किंवा कंपनीकडून पडताळून घ्या. बाकी काम स्वयंपाकघरातले आहे. सकाळी उठल्यावर वायर काढायची, डब्यातले उरलेले पाणी फेकायचे. मास्कचा गालाला टेकणारा भाग आणि डबा कोमट पाण्याने, सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवायचे. उन्हात सिलिकोन कडक होते. नळी आठवड्यातून एकदा आतून साबणाच्या पाण्याने खंगाळून उंचावर टांगायची, म्हणजे पाणी निथळते. ब्लीच, स्पिरिट, डेटॉल काही नको : त्यांचा अंश राहिला की तो रात्रभर हुंगावा लागतो. डब्यात ऊर्ध्वपातित पाणी घालावे. बॅटरीसाठी विकतात ते पाणी श्वासाच्या वापरासाठी तपासलेले असेलच असे नाही. ऊर्ध्वपातित पाणी मिळेना, तर फिल्टरचे पाणी उकळून, गार करून काही दिवस चालवता येईल. पण नुसत्या उकळण्याने सगळे क्षार जात नाहीत, हे वर्गात आपण पाहतोच.

हवा आत येते तिथल्या गाळणीकडे बहुतेक घरांत कोणी पाहत नाही. ती धुण्याजोगी असेल तर आठवड्याला धुऊन पुरती वाळवून बसवायची. पांढरी, कागदासारखी असेल तर धुवायची नाही, बदलायची. पुस्तिकेत महिन्याचा किंवा त्याहून मोठा काळ लिहिलेला असतो, पण तो वसमतला हळद शिजून, वाळून ड्रममध्ये पॉलिश होत असतानाच्या दिवसांसाठी लिहिलेला नाही. करडी दिसली की बदलावी. याच जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. तिच्या चार चार किलोमीटरच्या नळ्यांतून हवा जवळजवळ संपूर्ण काढून टाकतील. गुरुजींच्या वडिलांच्या नळीत मात्र हवाच हवी, आणि तीही धुळीशिवाय.

डबा आम्ही तिथेच भिजत घातला. एक भाग पांढरा शिरका, पाच-सहा भाग पाणी. पुटावर बारीक बुडबुडे धरू लागले, तेव्हा गुरुजी म्हणाले, हा तर नववीचा प्रयोग. हो, कार्बोनेट आणि आम्ल, निघतो तो कार्बन डायऑक्साइड. अर्ध्या तासाने पट्टी बोटाला गुळगुळीत लागली. गुलाबी थर साबणाने गेला; शिरक्याचा वास जाईपर्यंत डबा तीनदा खंगाळला. मास्कची सिलिकोन गादी मात्र पिवळी पडून चिरली होती, ती नवीन घ्यावी लागणार होती. ओझोनच्या पेटीच्या मानाने ती बरीच स्वस्त पडली, असा त्यांचा दुसऱ्या आठवड्यात फोन आला. वडिलांनी मशीन पुन्हा लावले आहे का, असे विचारल्यावर म्हणाले, लावले. पण आईला अजून झोप लागत नाही, रात्री दोनदा उठून ती मशीनचा आवाज ऐकते.